परवडणारा एसएमपीएस निवडताना: वॅट नव्हे, आधी अँपिअर वाचा

नवा डेस्कटॉप जुळवताना किंवा जुन्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड घालताना बजेटची कात्री सर्वांत आधी चालते ती पॉवर सप्लायवर, म्हणजे दुकानात ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात त्या डब्यावर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यासाठी लोक महिनाभर चौकशी करतात, पण एसएमपीएस एकदा कॅबिनेटमध्ये बसला की पुन्हा दिसतही नाही, त्यामुळे ‘कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा येतोच’ एवढे उत्तर पुरेसे वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज मशीनमधल्या प्रत्येक भागापर्यंत याच डब्यातून पोहोचते आणि तो बिघडला तर जाताना मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो. काटकसर करू नये असे मला म्हणायचे नाही. ती कुठे करावी आणि कुठे करू नये, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझ्या पुतण्याने आपल्या जुन्या पीसीमध्ये आरटीएक्स ३०६० हे कार्ड घातले आणि त्यानंतर कोणताही गेम सुरू करून दहा मिनिटे झाली की मशीन आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. त्याने आधी विंडोज नव्याने टाकले, मग ड्रायव्हर बदलले, मग मित्राची रॅम लावून पाहिली. शेवटी आम्ही कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचे स्टिकर वाचले. वर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असे छापलेले होते. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, या हिशेबाने १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. एकट्या त्या कार्डाची गरज १७० वॅटची, आणि प्रोसेसरचा वाटा अजून मोजायचाच होता. एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठीची आठ पिनांची वायर नव्हतीच. दुकानदाराने जुन्या चार पिनांच्या मोलेक्सला कन्व्हर्टर लावून काम भागवले होते, आणि त्या मोलेक्सचे पांढरे प्लास्टिक पिनांभोवती तपकिरी पडले होते. आणखी काही आठवडे तसेच गेले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

उरलेले वॅट कुठे गेले, हे समजून घेतले की निम्मी निवड सोपी होते. एसएमपीएस मुख्यतः ३.३, ५ आणि १२ असे तीन व्होल्टेज देतो. १९९५ साली इंटेलने पीसीच्या बांधणीसाठी एटीएक्स हा प्रमाण नमुना आणला, तेव्हा प्रोसेसरसह बहुतेक भाग ३.३ आणि ५ व्होल्टवर चालत असत. पुढे प्रोसेसरची भूक वाढली, तसा त्याचा आणि ग्राफिक्स कार्डाचा सगळा भार १२ व्होल्टवर आला. आज मशीनचा जवळजवळ सर्व भार तिथेच असतो. स्वस्तातले लोकल एसएमपीएस मात्र अजून जुन्या रचनेवर बनतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरपूर अँपिअर दाखवतात आणि त्या सर्वांची बेरीज, कधी कधी तर क्षणभर पेलता येणारी कमाल मर्यादा, वरच्या ठळक आकड्यात छापतात. म्हणून दुकानात खोके हातात घेतल्यावर पहिले काम हेच करावे, की तक्त्यातला +१२ व्होल्टचा अँपिअर वाचावा आणि त्याला १२ ने गुणावे. येणारा आकडा छापील वॅटच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, तर छापील आकड्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर ४४-४५ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे सुमारे ५३० ते ५४० वॅट. तक्त्यात १२ व्होल्टचे दोन वेगळे रकाने असतील तर त्यांचे अँपिअर एकमेकांत मिळवू नयेत. त्यांच्याखाली दोहोंची मिळून जी कमाल मर्यादा दिलेली असते तीच खरी धरावी.

आता आपल्याला लागतात किती? कोअर आय ५ १२४०० हा प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा इंटेलच्या आकड्यांनुसार ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचे, आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एखादी हार्ड डिस्क आणि तीन-चार पंखे यांचे मिळून पन्नास-साठ वॅट धरले, तरी असे मशीन सर्वांत वाईट क्षणीही तीनशेच्या आसपास राहते. यासाठी प्रामाणिक ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो आणि ५५० चा घेतला तर निश्चिंत राहता येते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, टॅली आणि ब्राउझर यांवर चालणाऱ्या ऑफिसच्या मशीनला शंभर-सव्वाशे वॅटही क्वचितच लागतात. तिथे भरवशाच्या कंपनीचा जो सर्वांत लहान एसएमपीएस मिळेल तो घ्यावा. वर थोडी मोकळीक ठेवायची ती यासाठी, की ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अगदी लहान अंशासाठी आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात, आणि ती उसळी पेलली नाही तर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या नमुन्यात अशा उसळ्या सहन करण्याची अट म्हणूनच घातली गेली. मात्र ‘पुढे लागेल’ म्हणून तीनशे वॅटच्या मशीनला ८५० वॅटचा एसएमपीएस घेणे म्हणजे दोन माणसांच्या घराला पंगतीचा टोप घेण्यासारखे आहे. तेच पैसे लहान पण चांगल्या एसएमपीएसमध्ये घालावेत.

खोक्यावरच्या ब्राँझ, गोल्ड या बिल्ल्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत. हे बिल्ले ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राचे दर्जे आहेत. ते प्रमाणपत्र २००४ पासून दिले जाते आणि फक्त कार्यक्षमता मोजते, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज मशीनला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझसाठी ८५ टक्के आणि गोल्डसाठी ९० टक्के ही अट आहे. या फरकाचे रुपयांतले मोल काढून पाहावे. समजा मशीन सरासरी २०० वॅट घेते आणि रोज चार तास चालते; तर वर्षाला २९२ युनिट मशीनला हवेत. त्यासाठी ब्राँझवाला भिंतीतून सुमारे ३४४ युनिट घेईल आणि गोल्डवाला सुमारे ३२४. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाकाठी दोनशेच्या आतच बचत होते. गोल्डसाठी दीड-दोन हजार जास्त मोजावे लागत असतील तर ते वसूल व्हायला आठ-दहा वर्षे लागतील, म्हणून घरगुती वापराला ब्राँझ पुरे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच हिशेब ७० टक्क्यांवर चालणाऱ्या लोकल एसएमपीएसला लावला तर तो ४१७ युनिट घेतो, म्हणजे ब्राँझपेक्षा वर्षाला सातशे रुपयांहून अधिक जास्त. इतक्या वापराला दुकानात वाचवलेले अडीच-तीन हजार रुपये चार वर्षांत वीजबिलातून निघून जातात.

हे प्रमाणपत्र एसएमपीएस सुरक्षित आहे का, किती टिकेल, व्होल्टेज किती स्थिर ठेवेल, यांतले काहीच सांगत नाही, आणि त्याची चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअसच्या खोलीत होते. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत देण्याची हमी कंपनी देते, हे माहितीपत्रकात शोधावे: स्वस्तातल्या गटात ४० अंश लिहिलेले असते, जरा बऱ्या मॉडेलांवर ५०. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी या एका ओळीसाठी दोन-तीनशे रुपये जास्त द्यावेत. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, १०५ अंश सोसणारे आहेत की ८५ अंश, हेही त्याच कारणासाठी महत्त्वाचे. एसएमपीएसचे आयुष्य बहुतांशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

विजेच्या बाबतीत आपल्याकडची परिस्थिती परदेशी परीक्षणांमध्ये सापडत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. एसएमपीएसच्या स्टिकरवर ‘इनपुट’ अशी ओळ असते. तिथे काही मॉडेलांवर १०० ते २४० व्होल्ट असते, तर काही स्वस्त मॉडेलांवर फक्त २०० ते २४०. ज्या गावात संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की ट्यूबलाइट फडफडू लागते आणि व्होल्टेज १८० च्या खाली जाते, तिथे दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस अडचणीत येतो आणि पहिला शांतपणे चालत राहतो. मागच्या बाजूला ११५ आणि २३० असा लाल खटका असलेला एसएमपीएस नव्याने विकत घेऊच नये. तो जुन्या धाटणीचा असतो, आणि चुकून ११५ वर राहिलेला खटका आपल्या २३० व्होल्टला लागला की मोठा आवाज होऊन सगळे संपते.

दुसरी गोष्ट यूपीएसची. वीज गेल्यावर साधा घरगुती यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, साधारण चार ते दहा. तेवढा वेळ एसएमपीएसला आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन चालू ठेवायचे असते. चांगला एसएमपीएस पूर्ण भाराला सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. लोकल एसएमपीएसमध्ये तोच कपॅसिटर लहान असल्यामुळे मशीन मध्येच बंद पडते. अनेक घरांत अशा वेळी यूपीएसची बॅटरी बदलली जाते आणि तक्रार तशीच राहते, कारण दोष यूपीएसमध्ये नव्हताच. उलट बाजूने हेही खरे, की आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी हे भिंतीतून वीज सुरळीत ओढणारे सर्किट असते आणि स्वस्त यूपीएसच्या किंवा जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या ओबडधोबड विजेशी त्याचे कधी कधी जुळत नाही. बहुतेक जोड्या चालतात, काही चालत नाहीत; घरातला यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर त्याची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच असते आणि त्यातच मॉनिटरही भागवायचा असतो, याचे भान ठेवावे. घरी इन्व्हर्टर नव्याने घ्यायचा असेल तर साइन वेव्हचाच, म्हणजे भिंतीतल्यासारखी सुरळीत वीज देणारा, घ्यावा.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. ‘नवा महागाचा एसएमपीएस लावला आणि कॅबिनेटला करंट यायला लागला, जुन्याला येत नव्हता’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती करणारा माणूस खोटे बोलत नसतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यातले लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग ठीक असेल तर ती सूक्ष्म वीज जमिनीत निघून जाते. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज राहते. करंट अत्यल्प असतो, पण अनवाणी पायाने हात लावला की मुंग्या येतात आणि टेस्टरचा दिवा लागतो. लोकल एसएमपीएसमध्ये पैसे वाचवण्यासाठी पुष्कळदा हा फिल्टरच बसवलेला नसतो, म्हणून त्याला मुंग्या येत नाहीत. इलाज एसएमपीएस बदलण्यात नाही; तीन पिनांच्या सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा करणारे कन्व्हर्टर संगणकाजवळ येऊ देऊ नयेत.

पुतण्याचा तो एसएमपीएस नंतर आमच्या ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या टेबलावर उघडून दाखवला. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलसाठी जागा आखलेली होती, पण कॉइलऐवजी तिथे तारेचे दोन तुकडे सोल्डर केलेले होते. उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक म्हणून पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, ट्रान्सफॉर्मर काडेपेटीपेक्षा फार मोठा नाही, आणि बाहेर येणाऱ्या वायरींतले तांबे नव्या एसएमपीएसच्या वायरींशेजारी धरल्यावर उघड्या डोळ्यांना बारीक दिसत होते. दोन्ही डबे हातांत तोलले तर नवा जवळजवळ दुप्पट जड लागत होता. वजन हा काही शास्त्रीय निकष नाही, पण दुकानात हातात घेतल्यावर डबा रिकाम्या टिनासारखा हलका वाटला तर तो परत ठेवावा. हा प्रयोग घरी मात्र करू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ शिल्लक असू शकतात.

खोक्यावर किंवा संकेतस्थळावर संरक्षणांची यादी असते, तीही वाचावी. व्होल्टेज जास्त झाले, कमी झाले, शॉर्ट सर्किट झाले, एकूण भार मर्यादेबाहेर गेला किंवा डबा अति तापला, तर एसएमपीएसने स्वतःहून बंद व्हायला हवे. यांपैकी तापमानाचे संरक्षण स्वस्त मॉडेलांतून सर्वांत आधी गाळले जाते, म्हणून ते आहे का, हे मुद्दाम पाहावे.

जोडण्या मोजायला विसरू नये. प्रोसेसरसाठी चार अधिक चार पिनांची वायर असावी, आणि कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी बसत असेल तर ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल इतकी लांब असावी. ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची निदान एक, शक्यतो दोन टोके असावीत. सहा पिनांतून ७५ वॅट, आठ पिनांतून १५० वॅट आणि मदरबोर्डवरच्या, कार्ड जिथे बसते त्या खुद्द स्लॉटमधून ७५ वॅट, असा त्यांचा हिशेब आहे. मोलेक्सचे कन्व्हर्टर लावावे लागत असतील तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाहीच, असे समजावे. सुट्या निघणाऱ्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस दिसायला नीटनेटका असतो पण महाग पडतो. बजेटमध्ये कात्री लावायची तर ती इथे, रंगीत दिव्यांवर आणि गोल्डच्या बिल्ल्यावर लावावी. मॉड्युलर घेतलाच तर एका एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला कधीही लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि सॉकेट सारखे दिसले म्हणून लावलेल्या वायरीने चांगल्या हार्ड डिस्क क्षणात जळतात.

ऑफिसांतून निघालेली ब्रँडेड मशीने हल्ली रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात आणि विद्यार्थी ती हौसेने घेतात. त्यांत ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार असेल तर आधी झाकण उघडून पाहावे: पुष्कळ मशीनमध्ये मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची जोडणी नसून कंपनीची स्वतःची लहान जोडणी असते आणि डब्याचा आकारही वेगळा असतो. बाजारातला एसएमपीएस तिथे सरळ बसत नाही.

खरेदी करताना कंपनीचे नाव पाहून थांबू नये. एकाच कंपनीच्या एका मालिकेतला एसएमपीएस उत्तम आणि दुसऱ्या मालिकेतला जेमतेम असतो, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाचे सविस्तर परीक्षण शोधावे. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा २३० व्होल्टवरच्या चाचण्यांचेही अहवाल फुकट उपलब्ध करून देते. ८० प्लसच्या संकेतस्थळावरही प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, त्यामुळे बिल्ला खरा की छापलेला, हे दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर पाहता येते. चांगला ब्राँझ ५५० वॅटचा एसएमपीएस गेल्या काही वर्षांत साधारण साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान मिळत आला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चार दुकाने फिरलात तर भाव थोडा उतरतो, पण त्या बदल्यात बिल सोडू नये. जीएसटीचे बिल आणि त्यावर सिरियल नंबर असेल तरच तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीला अर्थ असतो. तुमच्या शहरात त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर किंवा निदान संकलन केंद्र आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. जुना वापरलेला एसएमपीएस मी कोणालाही सुचवत नाही, कारण तो किती वर्षे, किती उन्हाळे आणि कोणत्या भाराखाली चालला, हे बाहेरून कळत नाही.

बसवल्यानंतरचे पहिले सात-आठ दिवस कामाचे असतात, कारण वस्तू बदलून मिळण्याची मुदत बहुधा तेवढीच असते. एखादा जड गेम किंवा व्हिडिओचे रेंडरिंग अर्धा-पाऊण तास चालू ठेवावे आणि त्याच वेळी मोकळ्या मोलेक्सच्या १२ व्होल्टच्या पिनेत (वायर रंगीत असेल तर ती पिवळी असते) आणि शेजारच्या काळ्या तारेच्या पिनेत साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. मल्टिमीटर डीसीवर ठेवावा आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. आकडा ११.४ ते १२.६ च्या मध्ये असला पाहिजे, आणि भार वाढल्यावर तो फार खाली घसरता कामा नये. त्यानंतर यूपीएसचा मुख्य प्लग दोन-तीन वेळा काढून पाहावा. मशीन एकदाही बंद पडले नाही, जळका वास आला नाही आणि वायरींची टोके हाताला गरम लागली नाहीत, तर कॅबिनेटची बाजू लावून स्क्रू आवळावेत आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची शाई वॉरंटी संपण्याआधी उडून जाते.